होडीवाल्याचं गाऱ्हाणं

माझे बाबा वारल्यानंतरही दीडेक वर्ष दर रविवारी दुपारी आमच्या घरात बोलायचे. हे वाचून कुणाला भुताखेताची गोष्ट वाटेल, तर तसं काही नाही. एका कॉम्प्युटर गेममध्ये नदीच्या काठावर एक होडीवाला उभा असतो, त्याच्या तोंडी बाबांचा आवाज होता. तो आवाज तिथे घातला मी आणि माझ्या एका मित्राने. पुढे त्या मित्राने काय केलं ते सांगायला हे लिहितेय, आणि शांतपणे लिहिणं मला जमेल असं वाटत नाही.

गेम जुना आहे. डोंगर, जंगलं, नद्या, बर्फाखालची गावं असं मोठं मोकळं जग, आणि त्यात आपण एक माणूस घेऊन हवं तिकडे भटकायचं. कामं दिलेली असतात, पण नाही केली तरी कुणी जाब विचारत नाही. मला नोकरीत दिवसभर कुणी ना कुणी जाब विचारतच असतं, म्हणून तो मला आवडला. त्याची खरी मजा मात्र मॉडमध्ये आहे. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच आपापल्या घरी बसून घातलेली भर. कुणी त्यातला पाऊस सुधारतं, कुणी घोड्याची चाल, कुणी ओसाड गावात बाजार भरवतं, आणि ते इंटरनेटवर ठेवून देतं. ज्याला हवं त्याने उतरवून आपल्या गेमला जोडावं. दोन मॉडमध्ये एकाच नावाची फाईल असली तर नंतर चढलेली फाईल जिंकते. आधीची पुसली जात नाही, फक्त तिचं कुणी ऐकत नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण बाबांचं तेच झालं.

मित्र भांडुपला टेकडीवर आमच्या शेजारच्या खोलीत वाढला. त्याचं घर घाटावरचं, पण आमच्याकडे जेवून जेवून मालवणी माझ्यापेक्षा बरी बोलायचा. बाबा त्याचे काका, आई काकी. पुढे तो मुलुंडला राहायला गेला तरी आमच्या घरी येताना बेल कधी वाजवली नाही, सरळ आत. मॉड करायला आम्ही एकत्रच शिकलो. माणसं, त्यांच्या हालचाली, त्यामागचं प्रोग्रामिंग तो बघायचा आणि आवाज मी. माझी नोकरीच ती आहे. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मी लोकांचे आवाज साफ करते. खोकला, खुर्चीची करकर, दोन शब्दांमधला श्वास, सगळं कापते. दहा वर्षं मी श्वास कापतेय.

बाबा मरोळला एका गाळ्यात प्लास्टिकची झाकणं बनवायच्या मशीनवर होते. मशीनवरच्या माणसाचा आवाज मोठा असतोच, पण बाबांना वाडीत मान होता तो गाऱ्हाण्यासाठी. कुणी नवी रिक्षा घेतली, कुणाची मुलगी परीक्षेला बसली, कुणी दुबईला निघालं, की बाबांना बोलावणं यायचं. बाबा नारळ हातात घेऊन देवाला एकेक गोष्ट सांगायचे, मागायचे, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायची. देव समोरच्याच खोलीत राहतो आणि आज त्याला सुट्टी आहे, अशा थाटात बाबा त्याच्याशी बोलायचे. माझे बाबा एरवी अबोल. गाऱ्हाण्यात काय ते सगळं बोलून घ्यायचे.

त्यांचे दोन नियम होते. ज्याच्यासाठी मागायचं तो, किंवा त्याच्या वतीने कुणीतरी, समोर अनवाणी उभा पाहिजे. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही. हा गावचा रिवाज की बाबांनीच ठरवलेलं, मला अजून माहीत नाही. बारावीच्या निकालाआधी मी त्यांच्या मागे लागले होते, की सगळ्या वाडीच्या पोरांसाठी घालता, एकदा माझ्यासाठी घाला. ते म्हणाले, "घरचाच मागूक लागलंय तर दुसऱ्यांसाठी तो माझा कित्याक ऐकतलो?" आणि मला शेवटच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांकडे पाठवलं. आजोबांना दात नव्हते. ते काय बोलले मला कळलं नाही, देवाला कळलं असावं, कारण मी पास झाले. पण बाबांवरचा राग राहिला. मला राग चांगला सांभाळून ठेवता येतो.

गेममधला तो होडीवाला मूळचा मुका होता. त्याच्यासमोर जायचं, बटण दाबायचं, क्षणभर अंधार होतो आणि आपण पलीकडच्या काठावर. एका रविवारी मित्र म्हणाला, हा असा मुका काय कामाचा, इथे काकांना उभं करू या, पलीकडे जाणाऱ्यासाठी गाऱ्हाणं घालतील. मी हसले. मग दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

स्टुडिओतून छोटा रेकॉर्डर मागून आणला. टेकडी चढणाऱ्या रिक्षांचा आवाज फक्त स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून तिथे खिडकीला गादी लावली. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पलीकडे जातंय कोण. आम्ही सांगितलं, जो खेळत असेल तो. त्याचं नाव काय? नाव कसं सांगणार बाबा, कुणीही असेल, कुठल्याही देशातला.

"नाव नसलेल्याचा गाऱ्हाणा कसा घालूचा? आणि समोर कोणतरी उभो होयो."

मित्राने मोजे काढले आणि ओट्यासमोर हात जोडून उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जा कोण तुझा लेकरू होडयेत बसला हा, तेका सुखरूप पलीकडे पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मित्र म्हणाला. आणि नेमक्या त्याच क्षणी आईच्या कुकरची शिट्टी झाली.

मी थांबा म्हणून हात वर केला. बाबा थांबले, पण माझ्यासाठी नाही. शिट्टी पुरी होईपर्यंत त्यांनी तिला वाट दिली आणि पुढचं मागणं सुरू केलं. नंतर संपादन करताना ती शिट्टी काढायला मला दोन मिनिटं लागली नसती. मी ती ठेवली. कामात एखादा नको असलेला आवाज मी मुद्दाम ठेवला असेल तर तो तेवढाच. शिट्टी काय, त्या दुपारचा बाबांचा एकही श्वास मी कापला नाही.

मॉड मित्राच्या खात्यावरून गेला, कारण खातं त्याने उघडलेलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोकांनी तो उतरवला, अभिप्राय लिहिले. कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं की भाषेचं एक अक्षर कळत नाही, पण हे पूर्ण ऐकल्याशिवाय मी नदी ओलांडत नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका वेंगुर्ल्याच्या मुलाने लिहिलं होतं की मी नुसता या काठावरून त्या काठावर करतोय. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवायचे. ते शांतपणे ऐकायचे आणि एवढंच विचारायचे, "सगळे सुखरूप पोचतत मा?" मी म्हणायचे, पोचतात बाबा.

पुढच्या वर्षी बाबा गेले. तेराव्याला माणसं पांगल्यावर मित्र माझ्याशेजारी जिन्यात बसला. मी काही मागितलं नव्हतं, तो आपण होऊन बोलला.

"काकांचा आवाज आहे तसाच राहील. त्याला कुणी हात लावणार नाही. मी पण नाही."

मी तेव्हा रडले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि दुसऱ्या दिवशी त्या दुपारचं सगळं रेकॉर्डिंग, गाऱ्हाण्याच्या आधीच्या नंतरच्या गप्पांसकट, पेनड्राईव्हवर घालून त्याला दिलं. दोन घरांत असलेलं बरं, एक खराब झालं तर दुसरं राहील, एवढाच विचार होता. कच्चं रेकॉर्डिंग बाहेर द्यायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. स्टुडिओत नव्याने आलेल्यांना ते मीच शिकवते. परक्याला मी एक सेकंदही दिला नसता. पण तो मला परका कुठे होता?

मग आमच्या घरात रविवारची रीत पडली. जेवणं झाली की आई लसूण सोलायला घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायची आणि म्हणायची, "नदी लाव गो." मी माझ्या माणसाला काठावर न्यायचे. बाबा बोलायचे, आई दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायची, आणि शिट्टी आली की प्रत्येक वेळी हसायची. माझो कुकर, म्हणायची. मी कधी पलीकडे गेलेच नाही. गाऱ्हाणं संपलं की गेम बंद.

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. रविवारी नेहमीसारखी नदी लावली आणि शिट्टी आली नाही.

आधी मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं. पुन्हा लावलं. बाबांचा आवाज, तेच शब्द, पण मागे काही नाही. स्वयंपाकघर नाही, पंखा नाही. आवाज इतका स्वच्छ की माझ्या साहेबांनी शाबासकी दिली असती. मग होडीवाला गाऱ्हाण्यानंतरही बोलत राहिला. पलीकडे बाजार आहे म्हणाला. तलवारीला धार लावून घे म्हणाला. पाऊस येणार वाटतं म्हणाला, आणि एकदा 'झकास' म्हणाला. माझ्या बाबांनी जन्मात कुणाला झकास म्हटलेलं नाही. आई लसूण सोलत होती, ती मान वर करून बघेना. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

मी कॉम्प्युटरलाच दोष दिला. संध्याकाळपर्यंत मॉड वरखाली करत बसले, कुठली फाईल कुठल्या फाईलवर चढली ते बघत. शेवटी मॉडचं पान उघडलं. तिथे नव्या आवृत्तीची घोषणा होती, ती आपोआप उतरून माझ्या जुन्या फायलींवर चढली होती. होडीवाला आता खूप काही बोलतो, तुम्हाला ओळखतो, एआयने त्याचा आवाज पुढे नेला आहे. खाली लोकांच्या टाळ्या. सगळ्यात खाली आभार, आणि त्यात माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'कच्चा आवाज'.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकून पक्की केली. गाऱ्हाण्यातलं प्रत्येक मागणं नकली होतं, यंत्राने बाबांच्या आवाजात बोललेलं. 'व्हय म्हाराजा' मात्र अस्सल होतं, त्या दुपारचं, थोडं साफ केलेलं. म्हणजे माझ्या बापाचा आवाज त्याने बदलला आणि स्वतःचा खरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मरोळला बोलावलं. मेट्रो स्टेशनच्या खाली चहाची टपरी आहे, तिथे तो जेवणाच्या सुट्टीत आला, गळ्यात ऑफिसचं कार्ड घालून. मला वाटलं होतं निदान मान खाली घालेल. त्याने आधी दोन कटिंग सांगितले. मग समजावायला लागला. मॉड जुना झाला होता, कुणी उतरवत नव्हतं, असाच मेला असता. आता परत लोक येतायत. एका गेम बनवणाऱ्या कंपनीने त्याला या कामावरून बोलावलंय, कधीपासून त्याला तेच करायचं होतं, मला माहीत नाही का. आणि काका पोचले ना गं अजून लोकांपर्यंत. मी एकच विचारलं, मला का सांगितलं नाहीस.

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून सांगितलं नाहीस?"

"हो," तो म्हणाला.

इतकं साधं. खोटं तरी बोलायचं, यार. विसरलो म्हणायचं. मी चहा तसाच ठेवून उठले, तेव्हा त्याने मागून सांगितलं की मी काकींना विचारलं होतं, काकी हो म्हणाल्या.

मरोळहून भांडुपला घरी कशी आले ते मला आठवत नाही. आठवतो तो टेकडीचा चढ, आणि आईला काय काय बोलायचं ते मी जमवत होते ते. आईने दार उघडलं आणि माझं तोंड बघून तिला कळलं. ती नाकबूल झाली नाही. मी ऑफिसात असताना एक दिवस तो आला होता, सरळ आत, नेहमीसारखा. नवा आवाज ऐकवला. विचारलं, करू का. मी आईला म्हटलं की बाबांनी जे कधी म्हटलंच नाही ते त्यांच्या तोंडी घालायला तू हो कशी म्हणालीस. इतके रविवार माझ्या शेजारी बसून गप्प कशी राहिलीस. मी बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. आई ऐकून घेत होती. मग तिने कपाटावरचा स्वतःचा फोन काढला.

"मीच तेका एक काम सांगलंय," आई म्हणाली. "तेंनी सगळ्या वाडीचा मागल्यानी. तुझा कधी मागूक नाय. माका ता एकदा ऐकूचा होता."

फोनमध्ये एक गाऱ्हाणं होतं. माझ्यासाठी घातलेलं.

दुपारी मी कामावर गेले की आई ते ऐकायची. कधीपासून, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मित्राहून जास्त राग आईचा आला. आणि त्या रागाहून जास्त कीव आली ती बाबांची. त्या माणसाने आयुष्यभर एक नियम पाळला. बायकोला वाईट वाटलं, मुलीने अबोला धरला, तरी पाळला. तो मेल्यावर या दोघांनी मिळून त्याच्याच आवाजात त्याचा नियम मोडायला लावला, आणि त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

मला ते ऐकायचं नव्हतं. आईने लावलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या माझा चेडू तुझ्यासमोर उभा हा. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज साफ करता, तेचा कोणतरी ऐक रे म्हाराजा."

श्वास चुकीच्या जागी होता. 'चेडू', म्हणजे पोरगी, या शब्दाची शेवटची ओढ बाबांची नव्हती. मला सगळे सांधे दिसत होते, कुठे काय जोडलंय ते मी बोट ठेवून दाखवलं असतं. आणि माझे डोळे वाहत होते. बारावीपासून मला हेच ऐकायचं होतं, आणि हे त्या हरामखोराला माहीत होतं, कारण तेराव्याला जिन्यात रडताना मीच त्याला सांगितलेलं.

मागण्यानंतर मोकळी जागा आली, उत्तराची. आईने हात जोडले, 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. फोनमधून त्याचं 'व्हय म्हाराजा' आलं, आणि त्याच्या मागे, अर्धवट कापलेली, कुकरची शिट्टी. आमच्या ओट्यासमोर अनवाणी उभा राहून त्याने म्हटलेलं तेच. त्या सबंध गाऱ्हाण्यात तेवढंच खरं होतं.

त्याच्याशी मी पुन्हा बोललेले नाही. जुनी आवृत्ती माझ्याकडे आहे. इंटरनेट काढून टाकलेल्या एका कॉम्प्युटरवर ती जपून ठेवलीय, नंतर कुणी तिच्यावर चढणार नाही अशी. पण आई आता 'नदी लाव' म्हणत नाही. त्या दिवशी गाऱ्हाणं संपल्यावर तिने डोळे पुसले, हसली, म्हणाली माझो कुकर, आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "वायच परत लाव."

मी लावलं. चपला काढल्या, समोर उभी राहिले. आणि बाबांचं मागणं संपताच मीच मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, प्रत्येक वेळी म्हटलं, त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.